कटर सुरू करण्याआधी

भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, की आपल्या पश्चिम पट्ट्यात सरपणाचे दिवस सुरू होतात. पूर्वी या दिवसांत डोंगरातून कुऱ्हाडीचे ठोके यायचे. आता कटरची घरघर येते. पेट्रोलवर चालणारं, साखळीचं, एका माणसाला उचलता येणारं हे यंत्र जुन्नर-आंबेगावात घरचं झालं आहे. ज्याच्याकडे नाही तो भाड्यानं आणतो. त्या कटरवाल्याशी, आणि त्याच्या घरच्यांशीही, मला चार गोष्टी बोलायच्या आहेत.

कटर टाकून द्या असं मी म्हणणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या डोंगरावरून गेलं तेव्हा झाडं मोडून आडवी झाली. वाटेवर आडवं पडलेलं झाड कुऱ्हाडीनं हलवायचं तर अख्खा दिवस जातो. कटरनं तासाभरात वाट मोकळी होते. साठीच्या माणसाला अजून ओंडके तोडायला लावण्यात कसला मोठेपणा नाही. कष्ट वाचतात, ते वाचलेच पाहिजेत.

पण कुऱ्हाड आपल्याला वेळ देत होती, तो कटरनं काढून घेतला. ऐनाचं चांगलं जाड खोड पाडायला दोन गड्यांची सकाळ जायची. मध्ये दम खायला बसावं लागे. तेवढ्यात कोणी म्हातारा काठी टेकत यायचा आणि विचारायचा, "हे रे कशाला तोडताय? पलीकडचं वाळलंय की." त्या एका प्रश्नानं पुष्कळ झाडं वाचली. आता म्हातारा उंबरा ओलांडेपर्यंत नुसता बुडखा उरलेला असतो. म्हणून तो प्रश्न आपणच आदल्या रात्री, जेवताना, घरात सगळ्यांसमोर विचारायला हवा. उद्या काय कापायचं? कशासाठी? किती?

घरच्या चुलीसाठी उभं हिरवं झाड पाडायची गरज क्वचितच पडते. ओल्या लाकडाच्या वजनातलं जवळजवळ निम्मं पाणीच असतं. ते चुलीत घातलं की आधी ते पाणी आटतं, तोवर घरभर धूर होतो, आणि भाकरीपर्यंत धग पोचते ती उरलीसुरली. तो धूर चुलीपाशी बसलेल्या माउलीच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. मोडून पडलेल्या फांद्या, वाळलेले बुंधे, बांधावरच्या बाभळी-सुबाभळीची छाटणी, नारायणगावकडे द्राक्षबागेच्या छाटणीतल्या काड्या एवढं नीट गोळा केलं तर बऱ्याच घरांचं जळण भागतं. फक्त ते वेळेवर करायला हवं. पौष-माघात कापा, लगेच फोडा, खाली दगड ठेवून वारं खेळेल असं रचा. वैशाखाचं ऊन खाऊ द्या, आणि मृगाच्या आत पडवीत घ्या. आगोटीच्या तोंडावर जागं होऊन जो रानात धावतो, तोच हिरवं झाड पाडतो.

आपल्याकडे राबाची रीत आहे. रोपाच्या वाफ्यावर भाजायला डहाळ्या लागतात, म्हणून झाडावर चढून कोयत्यानं फांद्या उतरवायच्या आणि शेंडा राखायचा. ती झाडं खांबासारखी सोटच्या सोट दिसतात, परक्या माणसाला भुंडी वाटतात, पण ती जिवंत आहेत आणि पुन्हा पुन्हा फुटतात. झाड राखून जळण घ्यायची ही विद्या आपल्या आज्या-पणज्यांची आहे. कटर हातात आलं म्हणून ती सोडायचं कारण नाही. फांदी कटरनं कापा, खोड ठेवा. आणि मालकीतलं एखादं झाड पाडावंच लागलं, तर बुडखा तिरका कापा, म्हणजे पावसाचं पाणी त्यावर साचून तो कुजणार नाही. फुटवे आले की गुरांपासून जपा, त्यातले दोन-तीन जोमदार ठेवा. जुन्या मुळावरचा फुटवा नव्या रोपापेक्षा कितीतरी लवकर वर येतो.

आता हिरड्याबद्दल. निसर्ग वादळात हिरड्याचं पीक गेलं, तेव्हा भरपाईसाठी आपल्याच माणसांनी मोर्चे काढले, उपोषणं केली. हिरडा हे रानातलं फुकटचं झाड नाही, ते आमचं पीक आहे, हे आपण सरकारला सांगितलं. मग तेच झाड एखाद्या व्यापाऱ्याला लाकडाच्या वजनावर कसं देता येईल? बाळहिरडा दर वर्षी हातात पैसा देतो, तोही नेमका पेरणीच्या तोंडावर. झाड विकून आलेला पैसा एका लग्नात संपतो.

व्यापारी येतो तो गोड बोलतो. सगळ्या माळाचा ठोक सौदा करू म्हणतो, कटर माझं, माणसं माझी, परवानगीचं मी बघतो म्हणतो. इथंच सावध व्हा. राज्यात १९६४ पासून वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. हिरडा, साग, आंबा, फणस, मोह, जांभूळ, ऐन अशी ठरावीक झाडं स्वतःच्या मालकीच्या रानात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आदिवासी शेतकऱ्याची झाडं कोणी परस्पर मातीमोल भावानं उचलू नयेत म्हणून १९६९ साली वेगळा कायदा झाला. तो तुमच्याच बाजूनं केलेला आहे. प्रकरण अंगावर आलं तर व्यापारी ट्रक घेऊन निघून गेलेला असतो. सातबाऱ्यावर नाव तुमचं असतं. म्हणून अंगठा उठवण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात स्वतः जा, झाडं मोजून घ्या, वखारीतला भाव दोन ठिकाणी विचारा. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत तर हा सौदाच नको. १९८५ साली जाहीर झालेलं हे सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं रान आपल्या शेकरूचं घर आहे. शेकरू जमिनीवर फारसा उतरत नाही, तो फांदीवरून फांदीवर जातो. मधली चार झाडं गेली की त्याची वाटच तुटते.

ही सगळी बोलणी पुरुषांत होतात, ते मला फार खटकतं. कटर पुरुषाच्या हातात असतं आणि मोळी बाईच्या डोक्यावर. जवळचा माळ विकला गेला की घरात पैसा येतो खरा, पण दुसऱ्या दिवसापासून तिची वाट लांबते. ती सरकारी रानात शिरते, तिथं तिला बोलणी बसतात, आणि ओझं तेवढंच राहतं. तिला विचारून माळाचा सौदा केला, असं घर मला अजून भेटायचं आहे. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, अनेक घरांत सिलिंडर आला, पण तो पुन्हा भरायला पैसे लागतात आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवर किंवा बंबातच तापतं. बंब किती सरपण खातो याचा हिशेब घरातल्या बाईला तोंडपाठ असतो. कापायच्या आधी तो तिच्याकडून घ्या.

आता स्वतःच्या जिवाचं बोलू. कटरची साखळी पूर्ण जोरात सेकंदाला वीसेक मीटर पळते. ती मांडीला लागली तर जखम शिवायला कातडी शिल्लक राहत नाही, आणि आपल्या वाड्यांपासून मोठा दवाखाना लांब आहे. सर्वांत जास्त धोका उसळीचा. साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला किंवा मागच्या फांदीला टेकला की यंत्र क्षणात उलटं उसळतं आणि थेट तोंडाकडे येतं. म्हणून टोकानं कधी कापू नका, खांद्याच्या वर यंत्र उचलू नका, दोन्ही हातांची पकड सोडू नका, आणि शिडीवर किंवा फांदीवर उभं राहून एका हातानं कापायचं तर नावच नको. पुढच्या मुठीसमोर जी ढाल असते ती साखळीचा ब्रेक आहे. अडचण होते म्हणून ती काढून ठेवू नका. मोडली असेल तर दुरुस्त होईपर्यंत यंत्र खुंटीला टांगा.

साखळीला धार हवी. बोथट साखळीवर माणूस जोर देतो, आणि जोर दिला की तोल जातो. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की धार गेली असं समजा.

झाड पाडताना आधी वर बघा. वाळकी फांदी अडकली आहे का, आग्या मोहोळ आहे का, विजेची तार जवळून जाते का. तार असेल तर महावितरणला कळवून पुरवठा बंद होईपर्यंत हात लावू नका. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूनं खोडाच्या चौथाईपर्यंत खाच घ्या, मग मागून कापा, पण आरपार नाही. मध्ये बोट-दोन बोट लाकूड बिजागरीसारखं राहू द्या, तेच झाडाला दिशा देतं. झाड कलायला लागलं की तिरकं मागं सरका, मागं सरकायची वाट आधीच साफ करून ठेवा. झाडाच्या दुप्पट उंचीइतक्या अंतरात दुसरं कोणी नको. पोरं तर रानातच नकोत. उतारावर काम असेल तर खालच्या बाजूला कोणी उभं राहू नये, कारण ओंडका घरंगळत येतो.

स्वीडनमध्ये दुसऱ्याच्या जंगलात कटर चालवायचं तर आधी शिकून परीक्षा द्यावी लागते. तिथले गडी साखळी लागताच धागे तिच्यात गुंतून यंत्र थांबेल अशी खास विजार घालतात. आपल्याकडे चपला आणि लुंगीवर काम चालतं. ती विजार जमली नाही तरी जाड बूट, डोळ्यांना चष्मा, कानात बोळे आणि डोक्यावर हेल्मेट एवढं तरी हवं. लोंबणारा पंचा, उपरणं काढून ठेवा. एकट्यानं जाऊ नका. आणि फाल्गुनात गवत वाळलेलं असताना तापलेलं यंत्र गवतावर ठेवू नका, तिथंच पेट्रोल भरू नका. एका ठिणगीनं वणवा लागतो आणि वर्षभराचं राखलेलं रान दुपारभरात जातं.

पूर्वेकडच्या उसाच्या गावांतल्या आयाबायांना वेगळं सांगतो. बांधावर काटक्या वेचताना आपण वाकतो, आणि वाकलेला माणूस बिबट्याला जनावरासारखा दिसू शकतो. पहाटे किंवा दिवस मावळताना सरपणाला जाऊ नका. चार-पाच जणी मिळून, बोलत, आवाज करत जा, आणि उसाच्या कडेला बसू नका. बिबट्या दिसला तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवा.

एक वठलेलं झाड मात्र रानात उभं राहू द्या. त्याच्या ढोलीत घुबडं, पोपट, धनेश पिल्लं काढतात. वाटेवर पडायला आलेलं असेल तर काढा, नाहीतर त्याचं जळण न घेता आपलं काही अडत नाही. उंबरालाही हात नको. आणि देवराईचं लाकूड, पडलेलंसुद्धा, उचलायचं नाही हा आपला जुना दंडक आहे. तो कटरलाही लागू आहे.

माळीण गाव कोणी विसरलेलं नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर उतरला आणि दीडशेहून जास्त माणसं गाडली गेली. ते एकट्या वृक्षतोडीमुळे झालं असं म्हणणं खरं नाही. अतोनात पाऊस, सुटी झालेली माती, उतारावरची कामं अशी अनेक कारणं जाणकारांनी सांगितली आहेत. पण गावाच्या डोक्यावरच्या उतारावर झाडाचं मूळ माती धरून ठेवतं, एवढं कळायला जाणकार लागत नाही. घराच्या वरच्या अंगाला असलेल्या उतारावर कटर नेऊच नका.

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या आणि गडांच्या पायथ्याच्या हॉटेलवाल्यांनाही विनंती आहे. २०१८ साली जुन्नर पर्यटन तालुका झाला, पाहुणे वाढले, 'चुलीवरचं मटण'च्या पाट्या वाढल्या. तुमच्या चुलीचं लाकूड कुठून येतं ते टेम्पोवाल्याला विचारा. बांधावरच्या बाभळीचं असेल तर घ्या, त्या शेतकऱ्याला चार पैसे जास्त द्या. डोंगरातलं असेल तर परत पाठवा.

वनहक्क कायद्यानं आपल्या रानाची राखण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. येत्या २६ जानेवारीची ग्रामसभा सरपणाच्या ऐन हंगामातच येते. गावात कटर किती आहेत, कुठल्या रानात ते न्यायचं आणि कुठल्या रानात नाही, कुठली झाडं राखायची, हे त्या दिवशी ठरवून ठरावाच्या वहीत लिहून घ्या. मोळी आणणाऱ्या बायांना पुढं बसवा आणि पहिलं बोलणं त्यांचं ऐका.