साहेबांचा नळ, घरचा नळ

‘आमच्या कचेरीत हल्ली पाण्याची फार शिस्त आहे हो!’ यजमान कौतुकाने सांगत असतात आणि दाढी होईपर्यंत मोरीतला नळ वाहत असतो. टोकले तर म्हणतात, ‘तिथे दिवसभर काटकसर, निदान घरी तरी मोकळे वागू द्या!’ मानसशास्त्रज्ञांना ही वृत्ती ठाऊक आहे. एके ठिकाणी पुण्य जमा झाले की माणसाला दुसरीकडे उधळायची मुभा मिळाल्यासारखी वाटते. कचेरीत जाणाऱ्या भगिनीही यातून सुटलेल्या नाहीत बरे!

परभणीकडे ही चैन परवडत नाही. पाऊस रुसला की जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणाकडे डोळे लागतात. शेजारच्या लातुरास तर एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले.

याच परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. 2013 पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. पावसाचे पाणी शिवारातच मुरावे म्हणून रुंद वरंबा-सरीवर पेरा, असे तिथली मंडळी शेतकऱ्यांना सांगतात. मला वाटते, ज्या नोकरीत जमिनीची ओल हाताने चाचपावी लागते, ती नोकरी माणसामागोमाग घरी येते. पागोळ्यांचे पाणी गटारात चाललेले पाहून अशा माणसाला चुटपुट लागणारच. नुसते परिपत्रक मात्र टेबलावरच राहते. त्यावर सही केली की कर्तव्य संपले.

घरापुढे गल्ली आहे. तिथली जलवाहिनी फुटली, तर महानगरपालिकेला कळवायचे कोणी? कचेरीत गळती दाखवणाऱ्याला ‘तुम्हांला काय करायचे आहे?’ असे ऐकावे लागत असेल, तर तो गल्लीतही खाली मान घालून पुढे जाईल. तिथे ‘बरे झाले सांगितलेत’ म्हणणारा वरिष्ठ भेटला, तर तोच माणूस इथे चार शेजारी गोळा करील.

2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा ग्रामविकास खाते आर. आर. पाटील यांच्याकडे होते. अभियानाला नाव दिले ते स्वतः खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या बाबांचे. वरिष्ठाच्या हातात खराटा दिसला की खालच्यांना तो उचलायची लाज उरत नाही. फोटोपुरता धरलेला खराटा मात्र शिपायालाही ओळखू येतो!

दिवाळीची सुट्टी संपून यजमान कामावर निघाले, की डबा हाती देताना एवढेच विचारा : तुमच्याकडे वाहता नळ बंद करायला कोण उठते, शिपाई की साहेब?