टाकीची नजरअंदाज पैसेवारी

दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर वर्धा, हिंगणघाट, पुलगाव येथे ज्यांच्या दारी नवी मोटार येते, त्यांच्या मुखी पंधरवडा उलटण्यापूर्वीच दोन तक्रारी ऐकू येतात : सांगितलेले ॲव्हरेज मिळत नाही, आणि इंधनाचा काटा भरवशाचा नाही.

काट्याकडून आपण भलतीच अपेक्षा करतो. टाकीतील तरंगत्या फ्लोटची उंची तो दाखवितो. परंतु टाकी आसनाखालच्या अडचणीच्या जागेत बसावी म्हणून वेडीवाकडी घडविलेली असल्यामुळे उंची निम्मी झाली म्हणजे पेट्रोल निम्मे झाले असे होत नाही, आणि इंधन हिंदकळले तरी काटा नाचू नये यासाठी त्याची चाल हेतुपुरस्सर मंद ठेवलेली असते. आपल्या कापूस-सोयाबीनच्या मुलखात महसूल खाते प्रथम नजरअंदाज पैसेवारी काढते आणि अंतिम पैसेवारी मागाहून जाहीर करते. काट्याची गणना त्या पहिल्या प्रकारात करावी. ‘आणखी इतके किलोमीटर’ हा फलकावरील आकडाही नुकत्याच झालेल्या प्रवासावरूनच बेतलेला असतो, म्हणून महामार्ग सोडून बाजारपेठेत शिरताच तो झपाट्याने उतरतो.

विक्रेत्याचा आकडा खोटा नसतो, तो निराळ्या परिस्थितीतला असतो. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत मोटार प्रयोगशाळेतील रोलरांवर, नेमून दिलेल्या वेगक्रमाने चालविली जाते. त्या क्रमात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो, आणि वर्ध्याचा ४५ अंशांचा वैशाख तेथे अर्थातच नसतो. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो ९० च्या तुलनेत जवळजवळ पावणेदोन पट होतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ज्याची उष्णताशक्ती पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच. ही गोष्ट प्रत्येक पंपावर ठळक पाटी लावून ग्राहकास कळविली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा हिशेब मालकानेच मांडावा. पंपाची नळी आपोआप थांबेतो टाकी भरून किलोमीटरची नोंद करावी, तीन-चारशे किलोमीटर फिरून त्याच पंपावर त्याच रीतीने पुन्हा भरावी, आणि कापलेल्या अंतरास दुसऱ्या खेपेच्या लिटरांनी भागावे. ३८० किलोमीटरांस २२ लिटर लागले, तर ॲव्हरेज सव्वासतराच्या आसपास. नळी दर वेळी थोडी अलीकडे-पलीकडे थांबते, म्हणून अशा काही खेपांची सरासरी घेणे इष्ट. रिझर्व्हचा दिवा लागल्यावर मात्र असले प्रयोग करू नयेत : इंधनाचा पंप हल्ली टाकीतच असतो, आणि त्याला थंड ठेवण्याचे काम टाकीतले पेट्रोलच करते.

— वाटसरू