दाण्याचा दगड, दगडाची साखर

स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा म्हणून गेल्या आठवड्यात आईला घेऊन बडनेरा रोडवरच्या एका ग्रॅनाइटच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने दोन काळ्या फरश्यांवर पाण्याचा शिपका मारला, फडक्याने पुसून घेतलं आणि बोट ठेवून म्हणाला, ‘‘दाना पाहा भाऊ. याचा बारीक हाये, त्याचा मोठा हाये. पालिश दोघाईले सारकीच येते.’’ आईने फरशीवरून तळहात फिरवला आणि निकाल दिला, ‘‘एवढा गुयगुयीत गोटा? याच्यावर चटनी वाटाले गेलं त मिरची घसरून जाईन ना बापा.’’

भावाची घासाघीस आईने केली. मी ‘दाना’ या शब्दापाशीच अडकून पडलो होतो. कारण त्या दुकानदाराने, स्वतःला पत्ता नसताना, ग्रॅनाइट या शब्दाचा तंतोतंत मराठी अर्थ सांगून टाकला होता.

लॅटिनमध्ये ‘ग्रानुम’ म्हणजे दाणा. त्यावरून इटालियन भाषेत ‘ग्रानितो’ हा शब्द झाला, त्याचा अर्थ दाणेदार. हाताखालच्या दगडात गव्हासारखे, मक्यासारखे दाणे खचाखच भरलेले दिसले म्हणून दगडाला हे नाव पडलं आणि इंग्रजीत येता येता त्याचं ग्रॅनाइट झालं. इंग्रजीत धान्याला म्हणतात तो ‘ग्रेन’ याच घरातला. डाळिंबाचं इंग्रजी नावही तिथलंच, त्याचा मूळ अर्थ दाण्यांचं सफरचंद. हातबॉम्बला ग्रेनेड म्हणतात तेही डाळिंबावरूनच. दगड, फळ आणि दारूगोळा, तिघांचं बारसं धान्याच्या दाण्याने केलं.

दगडात दाणा पडतो कसा, हे कळायला भूगर्भशास्त्राचं पुस्तक उघडायची गरज नाही, तुपाचं भांडं पुरतं. कढवलेलं तूप चुलीशेजारी सावकाश थिजू दिलं की छान रवाळ होतं. तेच घाईने गार केलं तर गुळगुळीत गोळा होतो. दगडाचंही तसंच. जमिनीखाली खोलवर हजारो वर्षं हळूहळू निवलेल्या रसात गारगोटीचे, फेल्डस्पारचे, अभ्रकाचे दाणे डोळ्यांना दिसतील एवढे वाढतात, तो ग्रॅनाइट. जो रस जमिनीवर येऊन पसरला आणि लवकर थंड झाला, त्यात दाणा धरायला वेळच मिळाला नाही. तो आपला काळा बेसाल्ट.

अख्खा वऱ्हाड जवळपास याच बेसाल्टवर बसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले. चिखलदऱ्याच्या कड्यावरून खाली पाहिलं की डोंगराला पायऱ्या पाडल्यासारख्या दिसतात. या खडकांना डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत ‘त्राप्पा’ म्हणजे जिना. आपल्याकडे ग्रॅनाइटच्या भावकीतला दगड पाहायचाच असेल तर मोर्शी तालुक्यात महाशिवरात्रीच्या यात्रेच्या सालबर्डीला जावं लागतं. तिथे लाव्ह्याच्या थराखालून त्याहून कितीतरी जुने खडक डोकं वर काढतात.

मग आमच्या ओट्यासाठी पाहिलेला काळा ग्रॅनाइट कुठला? त्यातली सोनेरी ठिपक्यांची जी फरशी ‘ब्लॅक गॅलेक्सी’ म्हणून विकली जाते, ती आंध्र प्रदेशातल्या प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमाकुर्तीच्या खाणीतून येते. आणि गंमत म्हणजे भूगर्भशास्त्राच्या लेखी ती ग्रॅनाइट नाहीच. ती गॅब्रोच्या घराण्यातली, म्हणजे बेसाल्टचीच थोरली बहीण. द्रव्य तेच, फक्त सावकाश निवल्यामुळे दाणा मोठा. बाजारात पॉलिश घेणारा प्रत्येक कठीण दगड ग्रॅनाइटच. म्हणजे वऱ्हाडातला माणूस काळ्या दगडाच्या डोक्यावर घर बांधतो आणि त्या दगडाच्या बहिणीला आंध्रातून ट्रकने आणून ओट्यावर बसवतो. तिला वेगळं नाव मिळतं ते केवळ दाण्यामुळे.

दाणा हा शब्द कुठून आला? संस्कृतात ‘धाना’ म्हणजे भाजलेलं धान्य. धान्य, धान, फोडणीच्या डब्यातले धने, सगळे त्याच कुळातले. इराणकडच्या शाखेत तोच शब्द ‘दाना’ झाला. मराठी ‘दाणा’त ‘ध’चा हकार उरलेला नाही, तेव्हा तो फारसीच्या वाटेने आला असं मानणं सरळ पडतं. वऱ्हाडात फारसी काही परकी नव्हती. अचलपूर इमादशाहीची राजधानी होती, पुढे मोगल आले, निजाम आला, आणि 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला तोवर इथल्या कचेऱ्यांचे कागद फारसी वळणाचेच होते. पुण्याच्या माणसाने ‘ण’ नीट उच्चारून दाण्याला मराठी केलं. आमच्याकडे ‘पानी’, ‘कनीस’ तसा ‘दाना’. फल्लीदाने निवडत बसलेली माझी आजी शुद्ध फारसी बोलत होती, आणि शाळेतले गुरुजी तिच्या नातवाला ‘न’बद्दल छड्या मारत होते.

इथे एक सावधगिरी. फारसीत आणखी एक ‘दाना’ आहे, त्याचा अर्थ शहाणा. आपला ‘नादान’ त्या ज्ञानवाल्या धातूच्या घरातला आहे. ‘ज्याच्यात दाणा नाही तो नादान’ अशी व्युत्पत्ती मला एका वाचकाने आवर्जून कळवली होती. ऐकायला गोड आहे, पण खोटी आहे. शब्दांच्या पिकातही तण असतं.

दाण्याचा घरचा भाऊ म्हणजे ‘कण’. कणीस, कणिक, तांदळाची कणी, ज्वारीच्या कण्या हे सगळं त्याचं गणगोत. विदुराघरच्या कण्या श्रीकृष्णाने आवडीने खाल्ल्या, ही गोष्ट आपल्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. वैशेषिक दर्शनाच्या कर्त्याचं नाव कणाद. कण खाणारा, असा त्याचा सरळ अर्थ. शेतात सांडलेले दाणे वेचून तो पोट भरायचा असं परंपरा सांगते, आणि त्याच माणसाने सृष्टी अणूंची बनली आहे असं मांडलं. सांडलेला एकेक दाणा वेचणाऱ्यालाच हा विचार सुचावा, यात मला नवल वाटत नाही.

मोजमापाचंही तेच. 8 गुंजांचा मासा आणि 12 मासे म्हणजे तोळा, हे कोष्टक जुन्या पिढीला तोंडपाठ असे. गुंज हे वेलीचं लाल-काळं बी, मासा म्हणजे संस्कृत ‘माष’, अर्थात उडीद. इंग्रजांनी 1833 मध्ये तोळा कायद्याने पक्का केला तोही 180 ‘ग्रेन’चा, म्हणजे पुन्हा दाण्यांचाच. हिऱ्यांचा कॅरट हे कॅरोबच्या शेंगेतलं बी. जगातलं सगळ्यात महाग सामान माणसाने बियांनी तोललं. आणि हमीभावाच्या सरकारी यादीत हरभऱ्याला इंग्रजीत ‘ग्रॅम’ म्हणतात, तो पोर्तुगीजांचा ‘ग्राँव’ म्हणजे दाणाच. अकोल्याच्या बाजार समितीत हरभरा ग्रॅम या नावाने कागदावर चढतो आणि क्विंटलने तोलला जातो. वजनाच्या ग्रॅमशी मात्र त्याचं नातं नाही, तो ग्रीकांकडून आला आहे.

आता आईच्या गुळगुळीत गोट्याकडे वळू. तिची तक्रार खरी होती. दगडाचं आणि दाण्याचं खरं लग्न जात्यात लागतं, आणि तिथे पॉलिश चालत नाही. ती म्हणाली, ‘‘जात्याले टाकी लावा लागे. गुयगुयीत झालं का पीठ गरम होये, बारीक नाई निंगे.’’ टाकी म्हणजे संस्कृत ‘टंक’, छिन्नी. नाणी पाडायची टांकसाळही त्याच शब्दाची. वऱ्हाडात टाकणकार नावाचा समाज आहे, आज सरकारी यादीत पारध्यांच्या जमातींबरोबर त्याची नोंद सापडते. जात्यांना टाकी लावत गावोगाव फिरण्याच्या कामावरून ते नाव पडलं. इंग्रजी अमदानीने 1871 च्या कायद्याखाली अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. पण आमच्या आज्यांच्या भाकरीचं पीठ मऊ होतं ते अशा फिरत्या हातांमुळे, हे आपण सोयीने विसरलो.

आणि ‘जातं’ हा शब्द? तो आहे ‘यंत्र’. यंत्राचं प्राकृतात जंत झालं आणि मराठीत जातं. म्हणजे मराठी घरात शिरलेलं पहिलं यंत्र बाईच्या हातात होतं आणि पहाटे ओवीच्या तालावर चालत होतं. सोम कुटायच्या दगडाला वेदात ‘ग्रावन्’ म्हणतात. हातजात्याचं इंग्रजी नाव ‘क्वर्न’ त्याचंच सख्खं भावंड आहे. आपली भाषाही दाण्याला आणि दगडाला वेगळं करत नाही, ‘दाणागोटा’ हा एकच शब्द करून घरात भरून ठेवते.

बेसाल्टच्या नावाची कथा तर सोनाराच्या दुकानातून येते. ग्रीकांचा ‘बासानोस’ म्हणजे सोनं घासून पाहायचा काळा दगड. लॅटिन लेखनिकांच्या हातून तो शब्द बिघडत बिघडत बेसाल्ट झाला, असं अभ्यासक मानतात. आपल्याकडे त्या दगडाला ‘कषपट्टिका’ म्हणत, तीच आजची कसोटी. ‘कष’ म्हणजे घासणे, त्यावरून कस. सोन्याचा कस शेतात गेला आणि जमिनीचा कस झाला. हा निव्वळ योगायोग आहे, पण फार देखणा योगायोग आहे: ज्या दगडाच्या नावात कसोटी दडली आहे, त्याच दगडाची झीज होऊन वऱ्हाडची काळी माती झाली, आणि तिला आपण कसदार म्हणतो.

या सगळ्या धांडोळ्यात मला सगळ्यात आवडलेला शब्द मात्र साखर आहे. संस्कृत ‘शर्करा’चा मूळ अर्थ खडे, वाळूची कच. उसाचा रस आटवून खडेदार गोड पदार्थ तयार झाला तेव्हा इथल्या माणसाने त्याला खड्याचंच नाव दिलं. तो शब्द फारसी-अरबीतून फिरत युरोपात गेला आणि ‘शुगर’ झाला. आपण तर पुन्हा ‘खडीसाखर’ म्हणून खड्याला दुसऱ्यांदा पाट मांडून बसवलं. तिकडे दाण्याचा दगड झाला आणि इकडे दगडाची साखर झाली.

एवढं रामायण सांगायचं कारण ग्रॅनाइटचा मराठी प्रतिशब्द. तो आहे ‘कणाश्म’. कण अधिक अश्म. व्याकरणाला तो निर्दोष आहे, अर्थाला चोख आहे, आणि आयुष्यात एकदाही मी तो कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. इटालियन कारागिराने दगडाला नाव देताना शेताकडे पाहिलं. आपण कोशाकडे पाहिलं. भूगर्भशास्त्रावरच्या काही मराठी लेखनात ‘भरडकणी’ खडक असा शब्द सापडतो. भरड हा जात्याचा शब्द. डाळ भरडलेल्या कोणत्याही बाईला भरडकणी खडक न पाहता कळेल. तिथेच ‘स्थूलकणी’ लिहिलं तर विद्यार्थी तो पाठ करेल, परीक्षेत लिहील आणि बाहेर येऊन विसरेल.

शास्त्राला काटेकोर शब्द लागतात, हे मला मान्य आहे. पण काटेकोरपणा फक्त संस्कृतातच मिळतो, हे मान्य नाही. रवाळ, भरड, कणी, चुरी, सोजी, कोंडा, भुसा, कुटार: दाण्याच्या आकाराचे आणि अवस्थांचे एवढे बारीक भेद करणारी भाषा दगडाच्या पोताचं वर्णन करायला अपुरी पडते, असं म्हणणारा खळ्यावर गेलेला नसतो. वऱ्हाडात त्या खळ्याला ‘खयं’ म्हणतात. ज्वारी मागे पडून सोयाबीन आलं, जातं परसात पालथं पडलं, आणि या शब्दांतले अर्धे पुढच्या पिढीच्या कानावरही पडत नाहीत. ते वापरायची सगळ्यात चांगली जागा आता शाळेचं विज्ञानाचं पुस्तक हीच आहे.

ओटा शेवटी आईच्या पसंतीने ठरला, मोठ्या दाण्याचा. वाटायला मात्र जुना पाटा-वरवंटा गच्चीवरून खाली आला आहे, आणि त्याला टाकी लावणारा माणूस आम्ही शोधतो आहोत. वाचकांपैकी कोणाच्या गावात असा कारागीर असेल तर जरूर कळवा. सोबत जात्याच्या भागांची तुमच्याकडची नावंही पाठवा. खुंटा आणि तळी सोडून जी असतील ती सगळी.