वही परत उघडायला पाडवा कशाला हवा?



"सर, रोजचा हिशेब लिहायला सुरुवात केली होती. मग गणपती आले, गावी गेलो, आणि राहूनच गेलं. आता एक तारखेपासून परत करतो." हे वाक्य मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकायला मिळतं. एक तारीख हुकली की सोमवार, तोही हुकला की लक्ष्मीपूजन, आणि तेही गेलं की पाडवा आहेच. माझं मत थोडं कडू लागेल, पण सांगतो. मुहूर्त बघत बसणं हीच आपली सगळ्यात जुनी सवय आहे. गल्ल्याची, उधारीची सवय नंतर बघू, आधी हिला हात घाला.

यात २१ दिवसांच्या गोष्टीने भर घातलीय. २१ दिवस केलं की सवय लागते, असं सगळेच सांगतात. ही गोष्ट बहुतेक मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरली. ऑपरेशननंतर पेशंटला आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातलं 'किमान' गळून पडलं आणि २१ तेवढं उरलं! पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर १२ आठवडे अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यांना दिसलं, आणि माणसागणिक हा आकडा १८ ते २५४ दिवस इतका बदलत होता. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. एखादा दिवस चुकला म्हणून त्या लोकांची सवय काही मोडली नाही. आता गणपतीचे दहा दिवस म्हणजे 'एखादा दिवस' नव्हे, हे मान्य. पण बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून 'हे आपल्याला जमणारच नाही' असं ठरवून टाकू नका.

आता गल्ल्याकडे या. दुधाचे पैसे, गॅस सिलिंडर, पोराची वही, पाहुण्यांसाठी वडापाव, सगळं गल्ल्यातून. "आपलाच तर पैसा आहे!" आहे ना, नाही कोण म्हणतंय? पण रोज २०० रुपये असे उचलले तर वर्षाचे ७३,००० होतात. नवीन शिलाई मशीन, मोठा डीप फ्रीजर, दुकानाचं डिपॉझिट, जे ध्येय तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, त्यातलं बरंचसं इथेच विरघळतं. आणि नोंद नसल्यामुळे दोष मात्र 'धंदा मंदा आहे' याच्यावर जातो.

यावर "मन घट्ट करा" हा सल्ला मी देत नाही. संध्याकाळी थकलेल्या माणसाचं मन घट्ट होत नसतं, हात आपोआप गल्ल्यात जातो. म्हणून हाताची वाट बदला. क्यूआर कोड धंद्याच्या वेगळ्या खात्याचा लावा, घरखर्चाच्या खात्याचा नको. स्वतःला महिन्याचा पगार ठरवा, अगदी ८,००० असला तरी चालेल, आणि तो ठरलेल्या तारखेलाच घ्या. त्याआधी गरज पडली तर पैसे जरूर घ्या, पण 'उचल' म्हणून चिठ्ठी लिहून गल्ल्यात टाका. चिठ्ठी लिहायची म्हटलं की निम्म्या वेळा हात मागे येतो, हे मी कितीतरी दुकानांत बघितलंय.

हिशेब 'वेळ मिळेल तेव्हा' लिहू नका, शटरला बांधा. शटर अर्धं खाली आलं की वही बाहेर. रोख किती, ऑनलाइन किती, खर्च किती, उचल किती. चार आकडे, पाच मिनिटं. घरून काम करणाऱ्या ताईंनी ओट्यावरचा शेवटचा डबा पुसून झाला की लिहायला बसावं.

आणि हो, मागचे दीड महिने आठवून आठवून भरत बसू नका. त्या नादातच लोक दुसऱ्यांदा सोडतात. सप्लायरची बिलं आणि बँकेचं स्टेटमेंट असेल, तर ते काम एखाद्या रविवारी वेगळं करा. आज रात्री फक्त आजची तारीख टाका, गल्ला मोजा आणि चार आकडे लिहा.