आम्ही क्लार्कच बरे!

गेली वीस वर्षे मी एका बँकेत क्लार्क होतो. आता नाही. गैरसमज नको, बढती मिळालेली नाही आणि देवाच्या कृपेने चौकशीही लागलेली नाही. खुर्ची तीच, काउंटर तोच, डोक्यावर करकरणारा पंखाही तोच. फक्त मार्च २०२४ मध्ये बँकांचा बारावा द्विपक्षीय करार झाला आणि त्यात 'क्लार्क' हा शब्दच सेवानिवृत्त झाला. आता आम्ही 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट'! स्टेट बँकेने तर आपल्या क्लार्कांना त्याआधीच 'ज्युनिअर असोसिएट' करून टाकले होते.

आमच्या शाखेतल्या तरुण मंडळींनी पेढे वाटले. त्यांचे म्हणणे असे, की 'क्लार्क' शब्दाला बाजारात किंमत उरलेली नाही. "मुलगा क्लार्क आहे" म्हटले की मुलीचा बाप चहाचा कप खाली ठेवतो, "असोसिएट आहे" म्हटले की बिस्किटांची बशी पुढे करतो. मुद्दा बिनतोड आहे. पण माझे लग्न होऊन सतरा वर्षे झाली, त्यामुळे मी आता तत्त्वाचे बोलू शकतो. आणि तत्त्व असे, की हा शब्द टाकणे म्हणजे आजीचा तांब्याचा हंडा मोडीत घालून प्लॅस्टिकची बादली घेणे!

हंडा किती जुना आहे ते पाहा. ग्रीक भाषेत 'क्लेरॉस' म्हणजे वाट्याला आलेला हिस्सा. कॉमर्सवाल्यांनी डिव्हिडंड समजावे. त्यावरून लॅटिनमध्ये झाला 'क्लेरिकस', म्हणजे देवाच्या वाट्याला गेलेला माणूस, धर्मगुरू. त्याचाच इंग्रजीत क्लार्क झाला. मध्ययुगात इंग्लंडात लिहितावाचता येई ते बहुतेक या धर्मगुरूंनाच. म्हणून पुढे ज्याला वाचता येते तो क्लार्क, असा उलटा हिशेब रूढ झाला. चौदाव्या शतकात चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मध्ये जो क्लार्क रंगवला आहे तो ऑक्सफर्डचा विद्वान आहे. घोडा हडकुळा, अंगरखा विरलेला, आणि मिळेल तो पैसा पुस्तकांवर. अंगरख्यापर्यंतचे वर्णन आम्हालाही लागू पडते.

पण खरी गंमत पुढे आहे. धर्मगुरूंना राजाच्या कोर्टात फाशी होत नसे. आता आरोपी धर्मगुरू आहे की नाही हे ठरवायचे कसे? सोपे आहे, त्याला वाचायला सांगा! बायबलमधल्या ५१ व्या स्तोत्राची पहिली ओळ पुढे धरत. वाचली, की तो क्लार्क आणि मान सुटली. साहजिकच पुष्कळ सराईत मंडळींनी ती ओळ पाठ करून ठेवली. बेन जॉन्सन हा मोठा नाटककार. त्याने १५९८ मध्ये द्वंद्वयुद्धात एका नटाला मारले आणि याच सवलतीवर तो फाशीतून सुटला. मात्र ही सवलत दुसऱ्यांदा मिळू नये म्हणून त्याच्या अंगठ्यावर डाग दिला. आमच्याकडे ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा घेतात. तिकडे ज्याला वाचता आले त्याचा अंगठा भाजत! हा कायदा इंग्लंडात १८२७ पर्यंत होता.

मग या शब्दाला उतरती कळा का लागली? बी. कॉम.च्या पहिल्या वर्षालाच याचे उत्तर शिकवतात. पुरवठा वाढला की भाव पडतो. जो तो लिहू-वाचू लागला तसा लिहिणाऱ्याचा दर घसरला. १८४३ मध्ये डिकन्सने 'ख्रिसमस कॅरोल' लिहिली, तोवर क्लार्क म्हणजे थंडीत कुडकुडत आठवड्याला पंधरा शिलिंगांवर खर्डेघाशी करणारा बॉब क्रॅचिट झाला होता. अमेरिकेत तर त्याचा उच्चार 'क्लर्क' झाला आणि तो थेट दुकानाच्या गल्ल्यामागे जाऊन उभा राहिला.

पण जिथे लोकांना आपल्या कामाची शरम वाटली नाही तिथे शब्दही ताठ उभा आहे. ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाचा सर्वांत वरिष्ठ अधिकारी आजही 'क्लार्क ऑफ द हाउस' म्हणवतो. 'मला पार्लमेंट सर्व्हिस असोसिएट करा' असा अर्ज त्याने दिल्याचे ऐकिवात नाही. रॉबर्ट क्लाइव्ह १७४४ मध्ये मद्रासला उतरला तो ईस्ट इंडिया कंपनीचा 'रायटर' म्हणून, म्हणजे साधा कारकून. पुढे त्याने जे केले ते कारकुनाच्या नोकरीच्या नियमांत बसत नव्हते, हा भाग वेगळा.

आणि तिकडे कशाला जायचे? आपला 'कारकून' हा फारसी शब्द. कार म्हणजे काम आणि कुन म्हणजे करणारा. साऱ्या कचेरीत काम करणारा कोण, हे शब्दातच सांगून टाकले आहे! चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस यांच्यातला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. ही सगळी लेखणीवाल्यांची घराणी. नाना फडणीसांना कुणी 'पेशवा सर्व्हिस असोसिएट' म्हटले असते तर त्याला साडेतीन शहाण्यांनी मिळून शनिवारवाड्याबाहेर काढला असता.

तरुण मंडळी म्हणतील, "साहेब, इतिहास ठीक आहे, पण नवीन नावानं मान वाढतो ना!" वाढतो, पण थोडे दिवस. सरकारने मागे क्लार्कचा 'लिपिक' केला होता. शब्द अगदी सोवळ्यातला. पण "तो काय, लिपिक आहे" हे वाक्य म्हणताना लोक नाक जसे मुरडायचे तसेच मुरडू लागले. नाक शब्दाला मुरडत नव्हते, पगाराला मुरडत होते! आणखी पाच-दहा वर्षांनी 'असोसिएट' ऐकूनही मुलीचा बाप कप खाली ठेवील. मग काय, पुढच्या करारात 'ग्राहकसम्राट'?

एवढ्यावर भागले असते तर मी गप्प बसलो असतो. पण नाव बदलले की मागोमाग काम बदलते. 'असोसिएट'चे मूळ लॅटिन 'सोशियस', म्हणजे सोबती. सोबती असायला माझी हरकत नाही, पण या नावात लिहिणे-वाचणे कुठेच नाही. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. एखादी आजी फॉर्म पुढे सरकवून म्हणते, "बाबा, काय लिवलंय तेवढं वाच की." मी वाचून दाखवतो, कुठे अंगठा द्यायचा ते सांगतो, खात्यात किती जमा झाले तेही सांगतो. आजीच्या पुढच्या वर्षभराच्या भाकरीचा प्रश्न त्या कागदात असतो. हे माझे काम मध्ययुगातल्या क्लार्कचेच आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी वाचणे. असोसिएटला मात्र सकाळी विचारतात, "आज किती पॉलिस्या?" मग तो आजीला फॉर्म वाचून दाखवण्याआधी विचारतो, "आजी, ठेव मोडून एक छानपैकी विमा काढू या का?" आजी एकोणऐंशी वर्षांची. आणि सही कुठे करायची तेवढेच तिला दाखवले जाते, वर काय लिहिले आहे ते नव्हे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. मान द्यायचाच असेल तर रिकाम्या खुर्च्यांवर माणसे बसवा, पंख्याला तेल घाला, पगाराचे पुढच्या करारात बघा. शब्द तेवढा आमचा आम्हाला परत द्या. ज्या शब्दाने एके काळी फाशीच्या दोरातून माणसे सोडवली, त्याने आम्हाला पॉलिसीच्या टार्गेटमधून सोडवायला कुणाची हरकत असावी? म्हणत असाल तर ५१ वे स्तोत्र मी आजच पाठ करायला घेतो!