मीठ कोणाचे, निष्ठा कोणाशी?

जून २०२३ मध्ये ‘वॅग्नर’ या खासगी लष्करी कंपनीच्या सैनिकांनी रशियातील रोस्तोव्ह शहरातले लष्करी मुख्यालय ताब्यात घेतले आणि त्यांच्या तुकड्या मॉस्कोच्या रोखाने निघाल्या. बंड एका दिवसात आटोपले. तीन दिवसांनी अध्यक्ष पुतिन यांनी जो तपशील जाहीर केला तो मात्र बंडापेक्षाही अधिक विचार करावयास लावणारा होता. या कंपनीचा खर्च सरकारच सोशीत होते. मे २०२२ ते मे २०२३ या वर्षभरात तिच्या सैनिकांच्या वेतनापोटी व बक्षिसांपोटी सुमारे ८६ अब्ज रुबल सरकारी तिजोरीतून गेले होते. मीठ सरकारचे होते, पण ते कंपनीचे प्रमुख प्रिगोझिन यांच्या हातून वाढले जात होते. आणि सैनिक जागले ते वाढणाऱ्या हाताला.

शिपाई राज्याशी एकनिष्ठ राहतो की सेनापतीशी, हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी रोमन प्रजासत्ताकाच्या जिवावर बेतला होता. त्या काळच्या यादवी युद्धांत पलटणीच्या पलटणी रातोरात पक्ष बदलीत. सैनिकांचा लोभ आणि सेनापतींची महत्त्वाकांक्षा ही त्याची कारणे सांगितली जातात. ती खोटी नाहीत. परंतु लोभी माणसे सर्वच काळांत असतात. मग हे पक्षांतर त्याच शतकात इतके सोपे का झाले?

पूर्वीचा रोमन सैनिक हा शेतकरी होता. थोडीबहुत मालमत्ता असणाऱ्यालाच सैन्यात घेत आणि मोहीम संपली की तो आपल्या शेताकडे परते. इ. स. पू. १०७ मध्ये मारियसने मालमत्ता नसलेल्यांनाही भरती करून घेतले. या नव्या शिपायाला परत जाण्यासाठी शेत नव्हते. वेतन होते, परंतु सेवा संपल्यावर काय, याचे उत्तर कोणत्याही कायद्यात नव्हते. बड्या जमीनदारांचे वर्चस्व असलेल्या सिनेटने ते शोधण्याचे टाळले. पूर्वेकडे विजय मिळवून इ. स. पू. ६२ मध्ये परतलेल्या पॉम्पीच्या सैनिकांना जमीन देण्याचा प्रस्ताव सिनेटने रखडविला. अखेर इ. स. पू. ५९ मध्ये कॉन्सल झालेल्या सीझरने तो दांडगाईने मंजूर करवून घेतला. म्हातारपणाची भाकर राज्याकडून मिळत नाही, ती सेनापती मिळवून देतो, हा धडा शिपायांच्या मनावर पक्का बिंबला.

या धड्याची किंमत रोमने त्याआधीच मोजली होती. इ. स. पू. ८८ मध्ये पूर्वेकडील मोहिमेचे नेतृत्व सुल्लाकडून काढून मारियसला देण्यात आले. मारियस आपल्याऐवजी दुसऱ्यांनाच नेईल आणि लूट हातची जाईल, अशी भीती सुल्लाच्या सैनिकांना वाटली. नेतृत्व स्वीकारण्यास आलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी दगडांनी ठेचून मारले आणि सहा लीजन रोमवर चालून गेले. त्या वेळी एका अधिकाऱ्याचा अपवाद सोडता सुल्लाचे सारे वरिष्ठ अधिकारी त्याला सोडून गेले; शिपाई मात्र राहिले. अधिकाऱ्यांच्या घरी जमीनजुमला होता, शिपायांच्या घरी नव्हता, हा भेद येथे विसरता येत नाही.

सीझरच्या वधानंतर तर निष्ठेला उघड बाजारभावच आला. इ. स. पू. ४४ मध्ये एकोणीस वर्षांच्या ऑक्टेव्हियनने सीझरच्या जुन्या सैनिकांना माणशी २,००० सेस्टर्स देऊ केले. शिपायाचे वार्षिक वेतन तेव्हा ९०० होते. अँटनीने ४०० सांगताच त्याचे सैनिक हसले. दोन लीजन त्याला सोडून ऑक्टेव्हियनला मिळाले. तरीही हा निव्वळ लिलाव नव्हता. ऑक्टेव्हियनपाशी सीझरचे नाव होते आणि नावालाही मोल असते. शिवाय इ. स. पू. ४० मध्ये ब्रुंडिसियम येथे दोन्हीकडच्या सैनिकांनी आपसांत लढण्यास नकार देऊन सेनापतींना तह करावयास लावले. ज्यांना विकाऊ म्हटले गेले, त्यांनीच रक्तपात थांबविला.

मात्र सेनापतींनी दिलेल्या वचनांची भरपाई त्यांच्या खिशातून झाली नाही. सैनिकांना द्यावयाच्या जमिनींसाठी इटलीतील अठरा समृद्ध नगरे मुक्रर करण्यात आली आणि ज्यांचा कोणताही अपराध नव्हता असे शेतकरी देशोधडीला लागले. राज्याने वेळेवर न भरलेले देणे असे तिसऱ्याच्या माथी वसूल झाले.

ऑक्टेव्हियन पुढे ऑगस्टस झाला. ज्या शिडीने आपण चढलो ती दुसऱ्याच्या हाती पडू नये, याची त्याने काळजी घेतली. इ. स. ६ मध्ये त्याने स्वतंत्र लष्करी कोषागार स्थापन केले, त्यात स्वतःचे १७ कोटी सेस्टर्स घातले आणि वारशांवर पाच टक्के व लिलावातील विक्रीवर एक टक्का कर लावून कायमचे उत्पन्न जोडून दिले. सेवा पूर्ण करणाऱ्या शिपायास १२,००० सेस्टर्स, म्हणजे तेरा वर्षांच्या वेतनाहून अधिक रक्कम, नियमाने मिळू लागली. श्रीमंतांनी वारसाकराविरुद्ध ओरड केली, पण कर टिकला. एकेका सेनापतीने सैन्य विकत घेण्याचे प्रकार त्यानंतर दोन पिढ्या जवळजवळ थांबले.

या व्यवस्थेत एक फट राहिली. नवा सम्राट गादीवर येताना द्यावयाची बक्षिसी कोणत्याही नियमात बसविली गेली नाही. इ. स. ६९ मध्ये गॅल्बाने, त्याच्या नावाने कबूल केलेली अशी बक्षिसी देण्याचे नाकारले आणि त्याच्याच अंगरक्षक दलाने त्याचा जीव घेतला. त्या एका वर्षात रोमने चार सम्राट पाहिले. इ. स. १९३ मध्ये तर याच दलाने सम्राट पर्टिनॅक्सला ठार करून गादीसाठी बोली मागितली. डिडियस ज्युलियानसने माणशी २५,००० सेस्टर्स सांगून ती जिंकली आणि सुमारे दोन महिन्यांत तोही मारला गेला. नियमाने मिळालेला पैसा शिपायाला राज्याशी बांधतो. मर्जीने मिळालेला पैसा देणाऱ्याशी बांधतो, आणि अधिक देणारा भेटेपर्यंतच बांधतो.

‘वॅग्नर’च्या बाबतीत रशियन सरकारने पैसा दिला, पण देणारा हात दुसऱ्याचा ठेवला. जबाबदारी अंगावर नको आणि कामगिरी मात्र हवी, असा हा सौदा होता. सिनेटनेही असाच सौदा केला होता आणि त्यात तिची सत्ता गेली. शिपायाच्या निष्ठेविषयी शंका घेण्याआधी त्याच्या हाती वेतन कोण ठेवतो आणि त्याच्या म्हातारपणाची हमी कोण देतो, हे राज्यकर्त्यांनी तपासलेले बरे.