वेबसाईटला शंभर गुण, अर्जदाराला शून्य!

शासनाच्या वेबसाईटला आता गुण मिळू लागले आहेत. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन सुधारणांचा शंभर दिवसांचा कार्यक्रम हाती घेतला. त्याच्या सात कलमांत पहिलेच कलम वेबसाईटचे होते. भारतीय गुणवत्ता परिषदेने मूल्यमापन केले आणि १ मे २०२५ रोजी निकाल जाहीर झाला. त्यापाठोपाठ ७ मे ते २ ऑक्टोबर २०२५ असा दीडशे दिवसांचा कार्यक्रम आला, त्यातही ई-गव्हर्नन्स आणि वेबसाईट होतीच. शासनाने आपल्या दाराची डागडुजी करावी, याला कोण विरोध करील? परंतु दार नीट झाले की नाही, हे कोणी ठरवायचे? दार रंगविणाऱ्याने, की त्या दारातून आत जाऊ पाहणाऱ्याने?

हा प्रश्न संगणकवाल्यांचा आहे, आपल्या चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. संबंध थेट आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, स्वाधार योजना, या सगळ्यांची वाट आज संगणकाच्या पडद्यावरून जाते. शिष्यवृत्तीचे अर्ज २०१७-१८ मध्ये महाडीबीटी पोर्टलवर गेले आणि पहिल्याच वर्षी तांत्रिक अडचणींमुळे ऑफलाईन अर्जाची वाट पुन्हा मोकळी करावी लागली. ज्याच्या घरी संगणक आहे, बाप शिकलेला आहे, त्याला पोर्टल अडले तर चिडचिड होते. ज्याच्या घरी एकच मोबाईल आहे आणि तोही मजुरीला गेलेल्या बापाच्या खिशात आहे, त्याचे वर्ष वाया जाते. पोर्टल एकच, पण त्याचा मार दोघांना सारखा बसत नाही.

वेबसाईट वापरायला सोपी आहे की नाही, हे यंत्राकडूनच तपासून घेण्याचे शास्त्र नवे नाही. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या मेलडी आयव्हरी आणि मार्टी हर्स्ट या दोन संशोधक महिलांनी २००१ साली अशा शंभरावर पद्धतींचा आढावा घेतला. यंत्राची तपासणी ही माणसांच्या तपासणीला पूरक आहे, तिची जागा घेणारी नाही, अशी त्यांची भूमिका होती. आज गुगलचे ‘लाईटहाऊस’ हे साधन कोणालाही फुकट वापरता येते. वेबसाईटचा पत्ता द्या, मिनिटभरात शंभरपैकी गुण हातात येतात. पान किती वेळात उघडते, चित्राला वर्णन जोडले आहे का, अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत पुरेसा फरक आहे का, अर्जाच्या रकान्याला नाव आहे का, हे यंत्र बिनचूक पाहते. हजारो पाने दररोज तपासते आणि थकत नाही. एवढे काम माणसाकडून होणार नाही, हे मान्यच केले पाहिजे.

पण यंत्र काय पाहत नाही? २०१९ मध्ये ऑस्ट्रियातील वेब डेव्हलपर मानुएल मातुझोविच यांनी एक पान मुद्दाम असे बनविले की ते कोणालाही वापरता येऊ नये. त्या पानाला लाईटहाऊसने सुलभतेचे शंभरपैकी शंभर गुण दिले! त्याआधी २०१७ मध्ये ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवा विभागाने शंभरावर अडथळे पेरलेले पान तयार करून अनेक तपासणी साधनांपुढे ठेवले होते. त्यातील सर्वांत चांगल्या साधनालाही निम्मे अडथळे सापडले नाहीत. शंभर गुणांच्या प्रमाणपत्राची किंमत यावरून कळते.

आता हेच आपल्याकडे लावून पाहा. अमरावतीजवळच्या वलगावातील एखादी बारावी झालेली मुलगी अर्ज भरायला बसली आहे, असे समजा. ‘धर्म’ आणि ‘जात’ असे दोन रकाने समोर येतात. रकान्यांना नाव आहे, यादी उघडते, यंत्राच्या दृष्टीने सर्व ठीक. पण धर्म बौद्ध निवडल्यावर पुढच्या यादीत अनुसूचित जातीचा पर्याय येतो का? धर्मांतरित बौद्धांसाठी असलेला वेगळ्या नमुन्यातला दाखला ते पोर्टल ओळखते का? राज्याने ही सवलत साठच्या दशकात दिली, केंद्राने १९९० मध्ये दिली. ही इतकी वर्षांची लढाई एका यादीतल्या एका ओळीवर येऊन थांबू शकते आणि यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. पान मराठीत आहे एवढे यंत्राला कळते. ती मराठी वाचून मुलीला काय करायचे ते समजले की नाही, हे कळत नाही. ओटीपी गेला एवढे कळते. ज्या मोबाईलवर गेला तो शेतात आहे, हे कळत नाही. शेवटी सेवा केंद्रावर उत्तर मिळते, ‘साईट चालून नाही राहिली, उद्या ये.’ आणि उद्या मुदत संपलेली असते.

येथे कायद्याचा खरा मुद्दा सुरू होतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला ठराविक मुदतीत मिळणे हा आपला हक्क आहे. नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते. पुढे पहिले अपील, दुसरे अपील, आयोग अशी वाट आहे. परंतु ही मुदत मोजली जाते परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. अर्ज तिसऱ्याच पानावर अडकला तर? मग कायद्याच्या भाषेत अर्ज झालाच नाही. अर्ज नाही म्हणून पोच नाही, पोच नाही म्हणून मुदत नाही, नकाराचा आदेश नाही म्हणून अपीलही नाही. पूर्वीचा कारकून हाकलून द्यायचा तेव्हा निदान कारकुनाचे तोंड दिसत होते. साहेबाकडे तक्रार करता येत होती. आजचा नकार बिनचेहऱ्याचा आणि बिनसहीचा आहे. घटनात्मक उपाययोजनांचे कलम ३२ हे संविधानाचा आत्मा आहे, असे बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितले होते. दाद मागण्याची जागाच नसेल, तर हक्क कागदावर राहतो. वकील म्हणून मला वेबसाईटच्या गुणांपेक्षा या न नोंदलेल्या नकारांची चिंता अधिक वाटते.

न्यायालयांनी ही बाब ओळखली आहे. कोरोना काळात ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने १८ ते ४४ वयोगटाच्या लसीकरणासाठी केवळ कोविन पोर्टलवर विसंबण्यावर बोट ठेवले आणि दृष्टिहीनांना त्या पोर्टलवर येणाऱ्या अडचणीही नोंदविल्या. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुलभतेचे नियम नुसते शिफारसवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असे न्यायालय म्हणाले. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सेवा मिळणे हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरविला. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या भगिनीला केवायसीसाठी पापणी मिटून दाखवा, असे यंत्र सांगत होते! न्यायालयाच्या निर्देशांत एक फार महत्त्वाचा आहे: वेबसाईट किंवा ॲप बनविताना नियमित सुलभता तपासणी तर कराच, पण वापरून पाहण्याच्या टप्प्यावर दृष्टिहीन व्यक्तींनाही सोबत घ्या. म्हणजे यंत्राचे प्रमाणपत्र पुरेसे नाही, ज्याला वापरायचे आहे तोच परीक्षक हवा. जे तत्त्व दृष्टिहीनांसाठी मान्य झाले, ते मजुराच्या मुलीसाठी का मान्य होऊ नये?

मग यंत्र नकोच का? तसे मुळीच नाही. यंत्राला चुकीचे काम दिले जात आहे, एवढेच. पानाचा रंग मोजण्याबरोबर यंत्राने हेही मोजावे: किती लोकांनी अर्ज सुरू केला, किती जणांचा पूर्ण झाला, कोणत्या पानावर किती गळाले, मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात पोर्टल किती तास बंद होते. सर्व्हरवर अशा नोंदी ठेवता येतात, त्यांचे विश्लेषण ही स्वयंचलित मूल्यमापनाची जुनीच पद्धत आहे. कोणाचेही नाव उघड न करता हे आकडे जिल्हावार आणि प्रवर्गवार प्रसिद्ध करता येतील. तसे झाले तर बिनसहीच्या नकाराची पहिल्यांदा नोंद होईल. आणि अर्ज अडला की त्या क्षणी क्रमांकासह पोच मिळालीच पाहिजे. ती पोच मुदतवाढीसाठी आणि अपिलासाठी पुरावा मानली जावी.

वलगावचे नाव मी सहज घेतले नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी येथेच पेढी नदीजवळ देह ठेवला. बाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात समोरच्या माणसाला प्रश्न विचारायचे. नुसता खराटा चालवून ते थांबले नाहीत. त्यांच्याच नावाच्या ग्रामस्वच्छता अभियानात पुढे काही गावांनी काय केले, तेही आपण पाहिले आहे. समिती येणार म्हणून रस्त्याच्या कडेला चुना टाकला आणि समिती गेल्यावर उकिरडा होता तसाच राहिला. वेबसाईटची गुणवत्ता या चुन्याच्या वाटेने जाऊ नये.

तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन कामे करावीत. विहारात एखाद्या रविवारी पाच-सात अर्जदारांना त्यांच्याच मोबाईलवर अर्ज भरायला बसवावे. मदत न करता फक्त पाहावे आणि कोण कोठे अडले ते तारीख, वेळ व पडद्याच्या फोटोसह लिहून ठेवावे. दुसरे म्हणजे माहिती अधिकार कायद्याखाली संबंधित विभागाकडे वेबसाईटचा तपासणी अहवाल मागावा आणि विचारावे, तपासणीत प्रत्यक्ष किती अर्जदारांना बसविले? माहिती स्थानिक भाषेत आणि लोकांपर्यंत पोहोचेल अशा रीतीने द्यावी, असे त्याच कायद्याचे कलम ४(४) सांगते. शासनाने वेबसाईटला गुण जरूर द्यावेत, पण अडलेल्या अर्जदारांची नोंद असलेली वही आता आपल्याही हातात असली पाहिजे. उद्या आयोगापुढे किंवा न्यायालयापुढे उभे राहायचे झाले, तर तीच उपयोगी पडेल.